मृत्युघंटा : शब्दाचा अर्थ व मूळ

‘मृत्युघंटा’ हा शब्द आज मराठी लेखनांत इतका रुळला आहे, कीं तो परका असेल असें सहसा कोणाच्या मनांतहि येत नाहीं. एखादी गिरणी बंद पडली किंवा एखादी जुनी चाल नाहींशी झाली, कीं तिची ‘मृत्युघंटा वाजली’ असें आपण लिहितों, आणि वाचणाराहि तें विनातक्रार वाचतो. परंतु जुने कागद जमविणाऱ्यांस व त्यांचा काळ ठरविणाऱ्यांस या शब्दाकडे इतक्या सहजपणें पाहून चालणार नाहीं. कोणत्या काळच्या माणसाच्या तोंडीं कोणता शब्द शोभतो हें ठाऊक असल्यावांचून अस्सल कागद कोणता व मागाहून रचलेला कोणता, याचा निवाडा होत नाहीं. म्हणून मृत्यु व घंटा यांची जोडी आपल्या भाषेंत कशी जमली, आणि ती जमण्यापूर्वीं मरणाचा नाद सांगण्यास मराठीजवळ काय होतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरणें शक्य तों छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, व त्याच्या आसपासचीं घेतलीं आहेत. जेथें तीं पुरीं पडत नाहींत तेथें महाराष्ट्राच्या इतर भागांकडे वळलों आहों.

प्रथम ज्या भाषेवरून हा शब्द आपल्याकडे आला त्या भाषेंतील मूळ पाहूं. इंग्रजींत ‘नेल’ असा एक जुना शब्द आहे. मरणाच्या किंवा दफनाच्या वेळीं चर्चची घंटा सावकाश, मध्यें खंड ठेवून वाजवितात, त्या नादास तो लावितात. प्राचीन इंग्रजींत त्याचें रूप ‘क्निल’ असें असून घंटेवर आघात करणें, ती वाजविणें, एवढाच त्याच्या क्रियापदाचा अर्थ आहे. मृत्यूशीं त्याचा संबंध चालीमुळें जडला. ती चाल किती नियमबद्ध होती हें इंग्लंडच्या चर्चनें इ. स. १६०४ त केलेल्या नियमांवरून दिसतें. माणूस मरणोन्मुख असतां एक घंटा वाजवावी, प्राण गेल्यावर एकदां, दफनापूर्वीं एकदां व दफनानंतर पुन्हां एकदां वाजवावी, असें त्यांत सांगितलें आहे. अनेक खेड्यांत पुरुषासाठीं तीन तीन ठोके तीन वेळां व स्त्रीसाठीं दोन दोन ठोके तीन वेळां देत, आणि कित्येक ठिकाणीं त्यामागून मृताच्या वयाइतके ठोके मोजून देत. शेतांत काम करणाऱ्यास केवळ कानानें कळे, कीं गेलें तें माणूस पुरुष कीं स्त्री, आणि किती वर्षांचें. पोर्तुगीज भाषेंत याच नादास ‘दोब्रे’ म्हणतात व तो शब्द दुप्पट करणें या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. युरोपांतील कित्येक जुन्या घंटांवर घंटा स्वतःच बोलत आहे अशा थाटाचे लॅटिन लेख असत, आणि मेलेल्यांचा शोक करणें हें आपलें एक काम असल्याचें ती त्यांत सांगते.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. हा शब्द जेथें घडला तेथें ती उपमा नव्हती. ठराविक वेळीं, ठराविक ठोक्यांनीं वाजणारी ती खरी घंटा होती, आणि उपमा तिच्या मागून आली. मराठींत मात्र उपमा आली, पण घंटा आलीच नाहीं. याच वाटेनें आलेला दुसरा वाक्प्रचार म्हणजे ‘शवपेटीवरील खिळा’ हा होय. लाहोर येथें इ. स. १९२८ त झालेल्या लाठीमारानंतर लाला लजपतराय यांनीं, आपल्या अंगावरील प्रत्येक प्रहार ब्रिटिश सत्तेच्या शवपेटीवरील खिळा ठरेल, अशा आशयाचे उद्गार काढले, हें प्रसिद्धच आहे. ज्या समाजांत प्रेत पेटींत घालीत नाहींत, तिरडीवर नेऊन जाळतात, त्या समाजाच्या भाषेंतहि तो खिळा पक्का बसला. ‘मृत्युघंटा’ ही त्याच खिळ्याची सोबतीण आहे.

आतां आपल्याकडील घंटेचें काम पाहूं. पूजेच्या आरंभीं घंटा वाजवितात ती देवांनीं यावें व राक्षसांनीं जावें म्हणून. युरोपांतहि घंटेच्या नादानें दुष्ट शक्ति दूर पळतात ही समजूत होती. म्हणजे कल्पनेचा पाया पुष्कळसा एकच. परंतु तेथें ही घंटा मरणाऱ्याच्या साह्यास बोलावली गेली, आणि येथें मरण घडतांच ती मुकी झाली. सुतक असलेल्या घरांत देवपूजेस घंटा वाजत नाहीं. अनेक गांवांत प्रेत गांवाबाहेर जाईपर्यंत देवळांतील पूजा थांबवून ठेवितात. नेहमींच्या वेळीं देवळाची घंटा ऐकूं आली नाहीं, कीं जाणत्या माणसानें ‘कोण गेलें?’ असें विचारावें, अशी ही रीत आहे. घंटेचा नाद ही तिकडे मरणाची खूण. इकडे घंटेचें मौन ही ती खूण. याला अपवाद आहेत. वीरशैवांत प्रेत बसत्या स्थितींत मिरवून नेऊन पुरतात, आणि कांहीं ठिकाणीं जंगम शंख व घंटा वाजवीत पुढें चालतात. संन्याशाच्या समाधीच्या वेळींहि शंख फुंकतात. परंतु तो नाद मुक्तीच्या मंगलाचा आहे. गांवाला मरणाची वर्दी देण्याचा नव्हे.

मग वर्दी कशी जात असे? तिचा शब्द आहे ‘सांगावा’. परगांवच्या सोयऱ्यांस मरणाची वार्ता पायीं जाऊन कळविणें हें काम जुन्या गांवगाड्यांत महारांच्या वतनी सेवेंत धरीत. रात्र असो कीं पाऊस असो, जाणें चुकत नसे, आणि ज्याच्या दारीं निरोप द्यावयाचा त्याच्या ओट्यावर चढण्याची मात्र सांगणाऱ्यास मुभा नसे. मुंबई राज्यांत इ. स. १९५८ च्या कायद्यानें हीं कनिष्ठ वतनें रद्द झालीं. युरोपांत जें काम मनोऱ्यावरील कांशाकडे होतें, तें आपल्याकडे एका माणसाच्या पायांकडे व कंठाकडे होतें, ही गोष्ट शब्दाच्या इतिहासांत विसरतां येत नाहीं. टपाल आल्यावर हेंच काम पत्राकडे आलें. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडून तें धाडीत, म्हणजे वाचण्यापूर्वींच आंतील मजकूर उमगे. अशीं पत्रें वाचून झाल्यावर फाडून टाकीत, घरांत ठेवीत नसत. त्यामुळें जुन्या दप्तरांत तीं क्वचितच सांपडतात. संग्राहकांच्या हातीं एखादें कोपरा गेलेलें कार्ड आलें तर तें खराब प्रतीचें म्हणून बाजूस टाकण्यापूर्वीं त्यावरील मजकूर अवश्य वाचावा. तो फाटका कोपरा म्हणजेच आपल्याकडील मृत्युघंटा असूं शकेल.

मुसलमान समाजांतहि घंटेला स्थान नाहीं. प्रार्थनेच्या वेळेची सूचना द्यावी कशी हा प्रश्न आरंभीं निघाला तेव्हां ख्रिस्ती लोकांचा ‘नाकूस’ व यहुद्यांचें शिंग हीं दोन्ही सोडून मनुष्याचा कंठ पत्करला गेला, अशी त्यांची परंपरा सांगते. छत्रपती संभाजीनगरानजीकचें खुलताबाद हें याचें उत्तम उदाहरण होय. सूफी संतांच्या दर्ग्यांनीं व राजपुरुषांच्या कबरींनीं भरलेलें हें गांव, इ. स. १७०७ त अहमदनगराजवळ मरण पावलेला औरंगजेबहि येथेंच आणून पुरला. एवढ्या थडग्यांच्या गांवांत मरणाची घंटा म्हणून कांहीं नाहीं. शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या ज्या आवारांत त्या बादशहाची कबर आहे, तेथें आहे तो नगारखाना.

या नगाऱ्याच्या नांवाची गोष्ट आपल्या विषयाशीं जवळची आहे. ‘नौबत’ हा शब्द अरबींतून फार्सीमार्गें मराठींत आला. त्याचा मूळ अर्थ पाळी. पहाऱ्याची पाळी बदलतांना नगारे वाजत, म्हणून त्या वाद्यांसच नौबत हें नांव पडलें. मलिक अंबरानें खडकी येथें आपलें नगर वसविलें, तेथें इ. स. १६१६ त बांधलेल्या नौखंडा वाड्याकडे जाणारा भव्य भडकल दरवाजा आजहि शहरांत उभा आहे. त्याच्यावर नौबत झडत असे. मराठींत ‘नौबत’ म्हणजे चौघड्याची वाद्यें, आणि ‘नौबत’ म्हणजे वाईट प्रसंगहि. ‘उपास काढण्याची नौबत आली’ असें आपण म्हणतों तेव्हां रणांतल्या नगाऱ्याचा भास होऊन हा अर्थ त्यावरून निघाला असावा असें वाटतें. परंतु मूळ अर्थ पाहतां तशी गरज नाहीं. पाळी आली, वेळ आली, एवढेंच त्यांत आहे. नाद विसरून काळ उरला. आपल्या भाषेंत वाद्याचे शब्द काळाकडे कसे झुकतात, याचा हा पहिला दाखला.

दुसरा दाखला अधिक महत्त्वाचा; तो ‘घटके’चा. यांत्रिक घड्याळें येण्यापूर्वीं काळ मोजण्याचें साधन घटिकापात्र हें होतें. तांब्याची पातळ वाटी, तिच्या तळाशीं बारीक छिद्र, आणि ती तरंगत ठेवण्यास पाण्यानें भरलेलें मोठें भांडें, एवढीच त्याची सामग्री. छिद्रांतून पाणी चढून वाटी भरली कीं ती बुडते. या एका बुडण्याचा काळ म्हणजे घटका, आजच्या मापानें २४ मिनिटें. अहोरात्रांत अशा ६० घटका. वाटी बुडतांच राखणारा माणूस टांगलेल्या कांशाच्या जाड थाळीवर ठोके देई. बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत या हिंदुस्थानी पद्धतीचें बारकाईनें वर्णन केलें आहे. दोन बोटें जाडीची ती थाळी उंच जागीं टांगीत व तिला घडियाल म्हणत, असें तो लिहितो. मध्यरात्रीं जागा झालेल्यास केवळ घटकांचे ठोके ऐकून प्रहर कोणता हें कळत नाहीं, म्हणून घटकांच्या मागून प्रहराचीहि खूण वाजवावी असा हुकूम आपण केला, हेंहि तो नमूद करतो. त्याच्याहि पूर्वीं, चौदाव्या शतकांत, दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानें ‘तास-घडियाल’ उभारल्याची नोंद शम्स सिराज अफीफ या इतिहासकारानें केली आहे.

येथें शब्दांकडे नीट पाहावें. ‘तास’ म्हणजे मूळ अरबी-फार्सींत धातूचें पात्र. तेंच वाजविण्याच्या थाळीस लागलें, आणि मराठींत थाळी जाऊन साठ मिनिटांचा काळ तेवढा उरला. ‘घट’ म्हणजे भांडें, त्यापासून घटिका व घटका, ‘घटी’पासून घडी. हिंदींत व उर्दूंत ‘घंटा’ म्हणजे घंटाहि व तासहि. इंग्रजींत घड्याळाचा जो शब्द आहे तो मध्ययुगीन लॅटिनमधील ‘क्लोक्का’ म्हणजे घंटा याच शब्दापासून आला. ज्योतिषांत घटिकेसच ‘नाडी’ असें दुसरें नांव आहे, आणि वैद्य हातांत धरतो तीहि नाडीच. याउलट घड्याळाच्या ठोक्यास आपण ‘टोला’ म्हणतों व शाळेंत टांगलेल्या लोखंडी तुकड्यास ‘टोल’ म्हणतों, त्यांचा इंग्रजींतील घंटानादवाचक ‘टोल’ या शब्दाशीं संबंध जोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. विटीस दांडूचा टोला बसतो तोच हा टोला. उच्चाराचें साम्य म्हणजे नातें नव्हे.

मरणाचे वाक्प्रचार मराठीनें या वाटीपासून घेतले. ‘त्याची घटका भरली’ म्हणजे वाटी काठोकांठ भरून बुडण्याच्या बेतांत आली. ‘अखेरच्या घटका मोजणें’ म्हणजे बुडणाऱ्या वाट्या मोजीत बसणें. ‘घटकेचा भरंवसा नाहीं’ हेंहि तेंच. ‘पापाचा घडा भरणें’ हा प्रयोग मात्र निराळा धरावा. तेथें काळ नाहीं, सांठा आहे. हीच वाटी विवाहांतहि असते. घटिकास्थापना करून ती पाण्यावर सोडीत व ती बुडतांच मुहूर्त साधीत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथाचें नांव ज्या कन्येवरून पडलें असें म्हणतात, तिच्या लग्नाच्या वेळीं घटिकापात्रांत मोतीं पडून छिद्र बुजलें व मुहूर्त टळला, ही आख्यायिका फैजीनें इ. स. १५८७ त केलेल्या त्या ग्रंथाच्या फार्सी भाषांतरांत आली आहे. लग्नाची घटका भरणें व मरणाची घटका भरणें हे प्रयोग एकाच भांड्याचे आहेत.

या घटकेस व्यवहारांतहि मोल होतें. श्राद्ध कोणत्या तिथीस करावयाचें, मृत्यु पंचकांत झाला कीं बाहेर, शांति करावी लागेल कीं नाहीं, हें सर्व प्राण कोणत्या घटकेस गेला यावर अवलंबून. म्हणून जुन्या मराठी टिपणांत ‘देवाज्ञा जाली’, ‘कैलासवासी जाले’ अशा शब्दांबरोबर तिथि, वार व ‘चार घटका रात्रीं’ अशी वेळहि येते.

तेव्हां मराठीजवळ मरणाचा नाद नव्हता असें नव्हे. होता, परंतु त्याची जात निराळी होती. चर्चची घंटा एक माणूस गेल्यावर वाजते व तो गेला हें सर्वांस कळविते. घडियाळाचा ठोका कोणीहि गेलेलें नसतां वाजतो, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यांतील एक घटका सरली हें त्याला कळवितो. ही भावना फार्सी-उर्दू नीतिवचनांतूनहि रूढ आहे. एक नाद दुसऱ्याच्या मरणाचा, दुसरा आपल्या स्वतःच्या. ‘मृत्युघंटा’ हा शब्द मराठींत इतक्या लौकर रुजला याचें कारण, आमच्या मतें, हें आहे, कीं परक्या घंटेस आपल्या घटकेची जागा आयतीच मिळाली.

यावर कोणी म्हणेल, कीं मराठी माणसास चर्चची घंटा ठाऊकच नव्हती, म्हणून शब्द उशिरां आला. तसें नाहीं. चिमाजी आप्पांनीं इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत वसई घेतली. त्या मोहिमेंत पोर्तुगिजांच्या चर्चांतील घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या व त्यांपैकीं कित्येक देशावरील देवळांत टांगल्या गेल्या. नाशिक येथें गोदातीरीं नारोशंकर राजेबहादुरांनीं इ. स. १७४७ त बांधलेल्या देवळांतील घंटा प्रसिद्ध असून तीवर १७२१ हा आंकडा आहे. वाईजवळ मेणवली येथें नाना फडणिसांच्या घाटावरील घंटेवर मेरी व बाल येशू यांची आकृति व १७०७ हा आंकडा आहे. भीमाशंकरासहि अशी एक घंटा आहे. या घंटांनीं मनोऱ्यावर असतां सणांची व मरणाची वर्दी दिली असेल. देवळांत येतांच त्या दर्शनास येणाऱ्याच्या हातच्या झाल्या. ‘नारोशंकराची घंटा’ हा मोठ्या आवाजाच्या माणसाविषयींचा वाक्प्रचारहि झाला. पण त्यांत मरणाचा लेश नाहीं. पोर्तुगिजांपासून मराठीनें पाद्री घेतला, पगार घेतला, चावी घेतली, आणि घंटा तर प्रत्यक्ष उचलून आणली. ‘दोब्रे’ मात्र देशावरील मराठींत आला नाहीं. वस्तु आली, विधि आला नाहीं, म्हणून शब्दहि आला नाहीं. पुढें इंग्रजी वाचनाबरोबर वस्तु व विधि दोन्ही मागें ठेवून केवळ शब्द आला.

‘मृत्युघंटा’ ही घडण संस्कृत समासाची असल्यामुळें ती जुनी भासते, येथेंच फसगत होते. मृत्यूची वर्दी देणारी घंटा असा तिचा विग्रह करावा, तर तशी घंटा आपल्या आचारांत दाखवितां येत नाहीं. विग्रह इंग्रजीकडे पाहूनच पुरा होतो. म्हणून पेशवाईंतील किंवा त्यापूर्वींच्या म्हणविणाऱ्या कागदांत, बखरींत किंवा कैफियतींत हा शब्द, किंवा शवपेटीवरचा खिळा, आढळला तर वाचकानें तेथेंच थांबावें. अर्थात् एका शब्दावरून सारा कागद खोटा ठरवूं नये. मागाहून नक्कल करणारानेंहि आपल्या काळचा शब्द घातलेला असूं शकतो. कागद, शाई, मोडीचें वळण व तिथिवारांचा मेळ पाहूनच निर्णय द्यावा. याच्या उलट चूकहि होते. मराठवाड्यांत इ. स. १९४८ पर्यंत निजामी अंमल असल्यामुळें उर्दू कागद घरोघर आहेत. त्यांत मृत्यूच्या मजकुराजवळ ‘घंटा’ शब्द आला तर तो बहुधा तास या अर्थी असतो. भाषांतर करतांना तेथें घंटा वाजवूं नये.

शेवटीं वस्तूंविषयीं दोन शब्द. तळाशीं छिद्र असलेली तांब्याची वाटी जुन्या घरांत निघाली तर ती फुटकी म्हणून मोडींत जाते. छिद्र एकच, बारीक व बरोबर मध्यावर असेल, तर ती पाण्यावर सोडून पाहावी. चोविसांच्या आसपास मिनिटांनीं बुडाली तर तें घटिकापात्र होय. कांशाच्या थाळीस टांगण्याचें भोंक व एकाच जागीं बसलेले ठोक्यांचे वण असतील तर ती जेवणाची थाळी नव्हे. देवळांतील घंटांवर रंगाचे थर चढत जातात व त्यांखालीं आंकडे आणि आकृति बुजतात. रंग देण्यापूर्वीं त्यांचे ठसे घेऊन ठेवावे. यापैकीं कांहीं कोणाच्या संग्रहीं असल्यास त्याचें माप, वजन व त्यावरील अक्षरें लिहून ठेवावीं, आणि तें कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं मिळालें हें त्याबरोबर अवश्य नोंदवावें.